डोळे चुगली करतात

आमच्या दवाखान्यात फायलींपेक्षा किस्से जास्त साठलेत. फायली निदान पाच वर्षांनी फेकता तरी येतात!

दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या गोंदियाच्या डॉक्टर मॅडमनी नागपूरहून एक मशीन ट्रायलवर आणलं. स्क्रीनवर पांढरं टिंब फिरतं, पेशंटनं मान न हलवता नजरेनं त्याच्यामागे जायचं. डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसला असेल तर नजर अडखळते, आणि कॅमेरा ते पकडतो. तोंडानं माणूस काहीही सांगो, डोळे चुगली करतात. मी टेक्निशियन, म्हणजे चुगली ऐकणारा!

*

पहिला पेशंट राइस मिलमधला हमाल. थप्पीवरून पोतं अंगावर आलेलं. मी दहादा बजावलं, "भाऊ, मान अजिबात हलवायची नाही हं!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "वीस वर्सं डोक्यावर पोतं वाहून राहिलो साहेब. मले मान शिकवता?"

तेवढी स्थिर मान त्या मशीननं पुन्हा कधी पाहिली नाही.

*

सौंदडची एक आजी अंगणात घसरून पडली होती. मशीन सारखं सांगे, डोळे सापडत नाहीत. वाकून बघतो तर आजी हात जोडून, डोळे मिटून बसलेली!

"आजी, डोळे काऊन मिटले?"

"दिवा गोल फिरून राहिला ना बापू! आरतीत का टकामका पाहाचं?"

मॅडम हळूच म्हणाल्या, "होऊ दे आरती पूर्ण. मग पुन्हा लाव." अशा आमच्या मॅडम. उगाच नाही आमचा त्यांच्यावर जीव!

*

आणि ही पूर्णा. मुर्रीची, कबड्डीत रेड टाकणारी पोरगी. शुक्रवारी प्रॅक्टिसमध्ये डोकं आपटलं आणि रविवारी जिल्ह्याच्या टीमची निवड! तपासलं तर नजर पावलोपावली अडखळत होती. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "खेळ बंद. आत्ता पुन्हा मार बसला तर जिवावर बेतेल."

"दोन वर्सं याच दिवसासाठी धावली मी, मॅडम," ती म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी बाई पुन्हा हजर! "बरी झाली मी. तपासा."

तपासलं. अडखळणं सोडा, टिंब पोचायच्या आधीच नजर पुढे पोचलेली! मॅडमनी मला खूण केली. मी टिंब उलटं फिरवलं. टिंब डावीकडे, पूर्णा उजवीकडे!

"पाठ करून आलीस होय गं?" मॅडमना हसू आवरेना. पूर्णाला मात्र रडू फुटलं. मॅडमनी तिला जवळ घेतलं.

"टिंबाचा रस्ता तुला कोणी सांगितला?"

"मैत्रिणीनं. सकाळी डोक्याले लागलं म्हणून खोटंच सांगून तपासून गेली ना ते. मंग कागदावर काढून देलन, दिवसभर घोकून घेतलन."

तरीच! सकाळी डोकं धरून आलेली ती उंच पोरगी!

"बरं, आणि उद्या तुझ्या जागी निवडीला कोण जाईल?"

पूर्णानं नाक पुसलं आणि दाराबाहेर उभ्या त्या उंच पोरीकडे बोट दाखवलं. "तेच."