एका आईची दोन नावं

ताईला पाचवा महिना लागला तेव्हा तिचा कॅनडातून फोन आला, की आईचा व्हिसा अडकणार. कारण ऐकून मी आधी हसलो आणि मग भडकलो. ताईच्या जन्माच्या दाखल्यावर आईचं जे नाव आहे, ते आईच्या पासपोर्टवर नाही. "म्हणजे कागदावर ती माझी आईच न्हाई," ताई म्हणाली आणि फोनवरच रडायला लागली. पहिलं बाळंतपण, परका मुलुख, तिला आईच हवी होती. "तिकडंच एखादा इमिग्रेशनचा वकील बघ," ती मला म्हणाली. "जल्दी बघ."

भानगड अशी, की आईला दोन नावं आहेत. एक माहेरचं, घनसावंगीकडच्या एका खेड्यातलं. दुसरं सासरचं, आमच्या आष्टीचं, लग्नाच्या दिवशी वडिलांनी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं. दोन्ही इथे सांगणार नाही, तशी आईची सक्त ताकीद आहे. "माझ्या नावाचा बाजार लई झाला," ती म्हणते. तर पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ताई आजोळी जन्मली. मामा ग्रामपंचायतीत नोंद करायला गेले. बाळाच्या आईचं नाव काय, असं विचारल्यावर लहानपणापासून जे तोंडात बसलेलं होतं तेच त्यांनी सांगितलं. मी मात्र आष्टीत जन्मलो, त्यामुळे माझ्या दाखल्यावर तिचं सासरचं नाव आहे. थोडक्यात, कागदावर आई माझी होती, ताईची नव्हती. लहानपणी ताई मला सांगायची, की तुला बोहारणीकडून जुन्या लुगड्यावर घेतलंय. त्याचा वचपा असा निघेल असं वाटलं नव्हतं, आणि निघाल्यावर मजाही आली नाही.

मी वाटूरच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या उच्चाराचा दोष होता असं घरचे म्हणतात. माझ्या मते दोष ऐकणाऱ्याच्या कानाचा होता. परतूरच्या कोर्टाबाहेर स्टँप विकणाऱ्याला मी विचारलं, "इमिग्रेशनचे वकील कोण आहेत इकडे?" त्याने मान वर न करताच उत्तर दिलं, "कोर्टाच्या मागं, पिठाच्या गिरणीवर. जिल्ह्यात त्यांच्यासारखा दुसरा न्हाई." मी हरखूनच गेलो. आम्ही संभाजीनगर-पुण्याच्या गोष्टी करत होतो आणि माणूस इथे गिरणीवर बसलेला! ताईला तिथूनच मेसेज टाकला.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेलो. जिन्यापासूनच पीठ उडत होतं. बाहेरच्या बाकावर सहा-सात शेतकरी मांडीवर नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन बसले होते.

"हे समदे कॅनडाला निघालेत?" आईने माझ्या कानात विचारलं.

"आजकाल सगळेच निघालेत," मी जाणत्यासारखं म्हणालो.

वकीलसाहेब साठीचे, चष्मा कपाळावर, खांद्यावर गिरणीचं पीठ. आम्ही बसलो न बसलो तोच त्यांनी वही उघडली.

"बोला अक्का. किती गेलं?"

"एकच," आई म्हणाली.

"एकच एकर?"

"एकच लेक."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "पाण्यात गेली?"

"कॅनडात गेली."

त्यांनी वही मिटली. खाली गिरणी तेवढी घरघरत होती. मग उलगडा झाला, की हे धरणात आणि कालव्यात गेलेल्या जमिनींच्या मोबदल्याचे दावे लढतात. इरिगेशनचे वकील! स्टँपवाल्याने इमिग्रेशनचं इरिगेशन केलं होतं, आणि त्याचं तरी काय चुकलं? इमिग्रेशनसाठी त्याच्या टेबलापाशी आजवर कोण आलं होतं? पण एवढा समजूतदार विचार मी आज करतोय. त्या वेळी माझा पारा चढला. मी ताडकन उठलो, "चल आई, इथं काही अर्थ नाही" म्हणालो आणि दारापर्यंत पोचलोसुद्धा.

"बस खाली," आई म्हणाली. "एवढा जिना चढून आले मी. सांगून तर बघू."

मग तिनेच सगळं सांगितलं. दोन नावं, मामांची नोंद, ताईचं रडणं. वकीलसाहेब ऐकता ऐकता हसायला लागले. मला पुन्हा राग येणार होता, पण ते हसणं चेष्टेचं नव्हतं. ओळखीचं कुणी भेटल्यासारखं होतं.

"सर, कॅनडावाल्यांचं मला बिलकुल कळत न्हाई," ते मला म्हणाले. "पण जमीन गेली की मोबदल्याला वारस लागतेत. वारसात लेकी आल्या. लेकींचं नाव बापाच्या कागदावर माहेरचं, अन् आधारवर सासरचं. दोन्ही नावाची बाई एकच हाय, हेच सिद्ध करून राह्यलो मी आयुष्यभर. तुमच्या अक्कासारख्या रोज दोन येतेत."

मी मुकाट्याने खुर्ची पुढे ओढली.

लग्नाची नोंद होती का? नव्हती. पत्रिका? वाळवीने खाल्ली. शाळेचा दाखला होता, पण त्यावर माहेरचंच नाव. दोन्ही नावं जोडणारं काहीतरी हवं होतं. मामांचं प्रतिज्ञापत्र होईल, पण ते आजचं. वकीलसाहेबांनी पेन्सिल कानामागे खोचली आणि आईला विचारलं, "लग्नातली भांडी हायत का घरी?"

आईचा चेहरा असा काही उजळला, की मला आधी कळेचना. रात्रंदिवस ज्या तांब्याच्या हंड्यातलं पाणी आम्ही प्यायलो, त्यावर नाव घातलेलं होतं. 'चि. सौ. कां.' आणि पुढे माहेरचं नाव, 'हिस मामाकडून सप्रेम भेट' (हा आईचा मामा), खाली लग्नाची तारीख. आणि त्याच्याच शेजारी, वेगळ्या हाताने, आष्टीचं नाव. लग्नकार्यात लोक भांडी मागून नेत, ती बदलू नयेत म्हणून आजीने जत्रेतल्या कारागिराकडून सुनेचं नवं नाव घालून घेतलं होतं. रोज चिंचेने घासूनही दोन्ही नावं शाबूत होती.

सोमवारी तो हंडा आईच्या मांडीवर बसून एसटीने परतूरला आला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, याचं बी तिकीट लागतंय." आई म्हणाली, "लाव. साक्षीदार हाय त्यो." वकीलसाहेबांनी हंड्याचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि प्रतिज्ञापत्र सांगायला घेतलं. इंग्रजी भाषांतर माझ्यावर आलं. सप्रेम भेटीपाशी मी अर्धा तास अडलो.

मामाही आले होते. "मी काय चुकीचं सांगितल्तं का?" एवढंच ते दर पाच मिनिटांनी विचारत होते. "न्हाई हो," वकीलसाहेब म्हणाले, "तुमी बराबरच सांगितलं. सासरच्यांनी नाव बदललं."

मग आईला सह्या करायच्या होत्या, दोन्ही नावांनी. आष्टीचं नाव तिने झरझर लिहिलं. माहेरचं लिहायला पेन टेकवलं आणि थांबली. तीसेक वर्षांत ते तिने लिहिलं नव्हतं. मामांनी तिला त्या नावाने हळूच हाक मारली, "लिही ना." तिने चौथीतल्या मुलीसारखं वळणदार अक्षर काढलं, वरची रेघ अगदी सरळ ओढली, आणि कागद थोडा लांब धरून बघत राहिली. मला वाटलं, या मुलीला मी आज पहिल्यांदाच बघतोय. माझे डोळे भरून आले. पीठ गेलं म्हणून मी ते पुसले.

कागद गेले. आठवडे गेले. ताई रोज विचारायची आणि मी रोज तिच्यावर खेकसायचो, कारण मलाही झोप लागत नव्हती. ताईला आठवा महिना लागला आणि व्हिसा आला. वडील कापसाची वेचणी टाकून मुंबईच्या विमानतळापर्यंत आले. आई मेथीचे लाडू, डिंक आणि खसखस घेऊन एकटी विमानात बसली. प्रतिज्ञापत्राच्या तीन प्रती तिने पिशवीत घालून कमरेला बांधल्या होत्या. कुणी विचारलं तर लगेच काढून दाखवायच्या, अशी तालीम मी तिच्याकडून करून घेतली होती.

महिन्याभराने तिचा फोन आला. मुलगी झाली होती. मी शाळेच्या पटांगणातच ओरडलो, पोरांनी काही न कळता टाळ्या वाजवल्या. मग मी विचारलं, "दवाखान्यात तुला आत सोडलं का?"

"आदी न्हाई सोडलं. जावई आत होते, मी भाईर बसल्ते. नर्सबाई विचारून गेली, तुमी कोण म्हणून. मला बोलता येईना. तेवढ्यात आतून ताईचं सुरू झालं, आई गं, आई गं! नर्सला वाटलं डोळा दुखून राह्यला. तिनं डोळ्यात बॅटरी धरली म्हणं." आई हसता हसता थांबली. "मंग जावयांनी सांगितलं तिला, आई म्हंजी काय ते. पळत आली भाईर, अन् माझा हात धरून आत नेलं."

"आणि कागद? कागद दाखवलास का?"

"कागद कशाला? लेक हाका मारून राह्यली होती ना."