रुग्ण अंशतः हजर

उमरोळीचा नरहरी संखे आमच्या बोईसरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये बिलं लिहायचा. लॅब स्टेशनाजवळ, खाली हार्डवेअरचं दुकान आणि वर आम्ही तिघं: डॉक्टर, तपासणीच्या काचपट्ट्या, म्हणजे स्लाइड्स, रंगवणारी मी आणि हा. मॅट्रिकला गणितात दोनदा आपटलेला, पण अक्षर मोत्यासारखं. डॉक्टरांचं अक्षर डॉक्टरांनाच लागत नसे, म्हणून अठ्ठ्याहत्तर साली त्यांनी त्याला ठेवून घेतलं.

तारापूर एमआयडीसीतले कामगार आमच्याकडे तपासायला येत आणि बिल त्यांचा कारखाना भरी. पण कारखान्याला आजार कळत नसे, नंबर लागे. प्रत्येक कारखान्याने आपला छापील तक्ता दिलेला: हिमोग्लोबिन अकरा, लघवी चौदा, साखर बावीस. नंबर चुकला की बिल परत. नरहरीला सगळे तक्ते तोंडपाठ होते आणि या विद्येचा तो सर्रास गैरवापर करी. लग्नाच्या पंगतीत माझ्या कानाशी येऊन गंभीर चेहऱ्याने सांगे, "ताई, बावीस नंबरची तिसरी जिलबी चालू हाय." सुलूला, म्हणजे बायकोला, मात्र त्याने एकही नंबर कधी फोडून सांगितला नाही. ती बिचारी जन्मभर मागे लागली होती. तिला वाटे नवरा भोळा आहे. इतका आतल्या गाठीचा माणूस अख्ख्या पालघर तालुक्यात नव्हता.

शहाऐंशी साली मासवणचा मंगळ्या आला. रंगाच्या एका कारखान्यात टेंपररी कामगार, मानेला लिंबाएवढी गाठ. पालघरच्या सर्जननी गाठीचा तुकडा काढला, त्याची काचपट्टी मी बनवली. आमच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'कर्करोगाची शंका. तज्ज्ञाचं मत घ्यावं.' कारखान्याने पहिलं वाक्य वाचलं आणि दुसरं वाचायची तसदी घेतली नाही. टेंपररी माणूस, त्यात असा आजार. पहिल्या तारखेला त्याचं नाव कमी करायचं ठरलं. घरी बायको, दोन पोरं आणि डोंगराच्या उतारावर एक तुकडा नाचणीचा. नोकरी गेली असती तर औषधही गेलं असतं.

नरहरीने काचपट्टी कापसात गुंडाळून शर्टाच्या खिशात घातली आणि मुंबईला नेली. तिथे एक म्हातारे पारशी डॉक्टर होते, नुसत्या पट्ट्या बघण्यात केस पांढरे केलेले. त्यांनी पंधरा मिनिटं सूक्ष्मदर्शक दुर्बिणीवरून डोकं उचललं नाही. मग लिहून दिलं: कॅन्सर नाही, टीबीची गाठ, नियमित औषध घेतलं तर माणूस खडखडीत बरा. तो कागद वाचून मी रडले, खोटं कशाला सांगू.

आता हा कागद कारखान्याच्या फायलीत जायला हवा होता. आणि फायलीत फक्त मंजूर बिलाला जोडलेलेच कागद जात. नरहरीने बिल केलं: नंबर एकेचाळीस, तज्ज्ञाचा सल्ला. तिसऱ्या दिवशी कागदासकट परत आलं. कारखान्यात बिलं तपासणाऱ्या एकनाथने लाल शाईत लिहिलं होतं, 'रुग्ण तज्ज्ञांसमोर हजर नव्हता. नामंजूर.'

नियम खरंच तसा होता. पट्ट्या बघणाऱ्या डॉक्टरसमोर रोगी कधी येतच नाही, त्याचा तुकडा येतो, हे नियम करणाऱ्याच्या गावीही नव्हतं. तारीख होती सव्वीस. मी म्हटलं, "मी जाते आणि त्या एकनाथाच्या डोक्यावर निळी शाई ओतते." नरहरी हसला, पेन उघडलं आणि शेऱ्याच्या रकान्यात सुंदर अक्षरात लिहिलं: 'रुग्ण अंशतः हजर.'

आम्ही दोघं कारखान्यात गेलो.

"अंशतः म्हणजे काय रे?" एकनाथ भडकला.

"गाठ तिकडं हजर होती, एकनाथभाऊ. बाकीचा हितं दुसऱ्या पाळीला हजर होता. तुमचंच हजेरीपुस्तक बघा."

"चेष्टा करतोस? नीघ!"

नरहरी निमूटपणे निघाला. मला त्याचा राग आला. माणसाची नोकरी जातेय आणि याला विनोद सुचतायत! पण तो फाटकाकडे न जाता कॅशियरच्या खिडकीकडे वळला. तज्ज्ञाकडे हजर राहणाऱ्या रुग्णाला गाडीभाडं मिळे, नंबर त्रेचाळीस, आणि दहा रुपयांच्या आतलं भाडं एकनाथकडे न जाता तिथेच मंजूर होई. नरहरीने अर्ध्या तिकिटाचा फॉर्म भरला. सहा रुपये. कारण: 'रुग्ण अंशतः हजर'.

"अर्धं का?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"तुकड्याला पुरं तिकीट मागायला मी काय चोर हाय?"

कॅशियरने न वाचता शिक्का मारला आणि सहा रुपये मंगळ्याच्या पगारात टाकायला सांगितले. नरहरी शिक्क्याचा कागद घेऊन परत एकनाथपुढे उभा राहिला.

"एकनाथभाऊ, कारखान्याने भाडं दिलं, म्हंजे मंगळ्या हजर होता. तो हजर नव्हता असं तुमी लिवलंत, तर हे भाडं खोटं. ऑडिटवाले इचारतील, तवा तुमी सांगा."

एकनाथने कागद दोनदा उलटून पाहिला. मग शिव्या देत लाल शेरा खोडला आणि सही केली. कागद फायलीत गेला, मंगळ्याची नोकरी राहिली, औषध सुरू झालं. नरहरी पुढे महिनाभर असा काही मिरवला की डॉक्टरांनाही त्याचा वैताग आला.

वर्षाने मंगळ्या लॅबमध्ये आला. मान साफ, अंग भरलेलं. त्याने कनवटीला बांधलेले सहा रुपये सोडून टेबलावर ठेवले.

"संखेभाऊ, ह्ये घ्या. मी तं मुंबईला गेलूच नाय. नाय गेल्याचं भाडं मी कसं खाऊं?"

वर्षभर त्याने ते वेगळे ठेवले होते. नरहरीला लाज वाटली. मलाही वाटली, कारण त्या युक्तीवर मीही वर्षभर हसले होते.

"मग जाऊ या," नरहरी म्हणाला.

शनिवारी आम्ही तिघं मुंबईला गेलो. पारशी डॉक्टर दुर्बिणीवर वाकलेले होते. वर न बघताच त्यांनी पट्टीसाठी हात पुढे केला. नरहरीने मंगळ्याचा हात त्या हातात दिला.

"साहेब, तुकडा मागंच आणला होता. हा बाकीचा."

डॉक्टर दचकून उठले. नाव विचारलं. मंगळ्याने नाव, बापाचं नाव, गाव, पाडा, सगळं सांगितलं. त्यांनी बोटांनी त्याची मान चाचपली, एकदा, दोनदा.

"चाळीस वरस मी तुकडे बघते," ते आपल्या पारशी मराठीत म्हणाले, "कोन जगला, कोन मेला, कोनी येऊन सांगितला नाय." आणि स्वतःची खुर्ची ओढून त्यांनी मंगळ्याला बसवलं.