दोन कॅमेरे आणि मागची भिंत

आई गेल्यानंतर काही महिन्यांनी मी कॅमेरा घ्यायचं ठरवलं. ऑफिसमध्ये कुणी विचारलं तर मी ‘हॉबी’ म्हणायचे. तेव्हा आमच्या मजल्यावरच्या निम्म्या लोकांना हीच हॉबी लागली होती. शनिवारी सिंहगड, सोमवारी फुलपाखरांचे फोटो. त्यामुळे पुढे कुणी काही विचारत नसे. मला फुलपाखरं नको होती. मला बाबांचा एक फोटो हवा होता, त्यांच्या स्वतःच्या शर्टातला.

आईचा भिंतीवर लावण्याजोगा फोटोच नव्हता. काकूने मागितला तेव्हा हे लक्षात आलं. घरातल्या सगळ्या फोटोंमध्ये आई कुणाला तरी वाढत होती, नाहीतर अर्धी दाराआड होती. कॅमेऱ्याकडे बघणारी आई फक्त माझ्या फोनमध्ये सापडली. ओट्यापाशी, घरातल्या गाऊनवर, मान जरा कलती करून कुकरच्या शिट्ट्या मोजताना. मी हाक मारली म्हणून तिने वर बघितलं होतं, पण कान कुकरकडेच होता.

गाऊनमधल्या बाईला कुणी हार घालत नाही. हे कोथरूडच्या स्टुडिओवाल्याला सांगावंही लागलं नाही. त्याने कॉम्प्युटरवर एक फोल्डर उघडला. त्यात साड्या होत्या. म्हणजे डोकं नसलेल्या बायका, मानेपासून खाली, पदर आणि मंगळसूत्रासकट तयार.

“कोणती टाकू?” त्याने विचारलं.

“जांभळी टाका,” काकू म्हणाली. “तिच्या रंगावर उठून दिसेल.”

मी शेजारीच उभी होते. एसीच्या पट्ट्या खालीवर होत होत्या, त्यांच्याकडे बघत होते.

तेराव्याला आलेले सगळे म्हणाले, फोटो हुबेहूब आलाय. आईकडे जांभळी साडी नव्हती. ते खांदेही तिचे नव्हते. कुणा तरी ताठ बसलेल्या बाईचे होते, आणि त्यांच्यावर आईची कलती मान तशीच ठेवल्यामुळे ती नीट न बसवलेल्या झाकणासारखी दिसत होती. बाबांनी तो फोटो एकदाच बघितला. मग खिळा ठोकायला स्टूल आणलं.

त्या दिवसांत मला फारसं काही वाटत नसे. ऑफिसची बस यायची, मी बसायचे. येरवडा आलं की उतरायची तयारी करायची, एवढं कळायचं. कुणाशी बोलावं लागू नये म्हणून मी दुपारच्या सुट्टीत कॅमेऱ्यांबद्दल वाचायला लागले. इंटरनेटवर माणसं दोन जुन्या कॅमेऱ्यांवरून कडाकडा भांडत होती. ते वाचताना बरं वाटायचं. कोणता सेन्सर चांगला, कोणाचे रंग खरे, यावर एवढं चिडता येतं हे बघून.

लेन्स बदलता येणारा नवीन एसएलआर कॅमेरा परवडणार नव्हता. जुने दोन समोर आले.

पहिला ऑफिसमधल्या एका मुलाचा. तो नागपूरचा, माझ्याच टीममधला, शनिवारी ऑनसाइटला अमेरिकेला निघाला होता. कॅमेरा जेमतेम तीन वर्षांचा होता. मोठा स्क्रीन, बारा मेगापिक्सेल, सोबत झूम होणारी लेन्स. त्याने बॉक्ससुद्धा जपून ठेवला होता.

“घेऊन टाक ना,” तो म्हणाला. “काय इतका विचार करून राहिली तू?”

“अजून एक बघायचाय. दोन दिवस घरी नेऊ का?”

“ने. पण शुक्रवारी हो की नाही ते सांग बाप्पा. माझा रूममेट टपूनच बसला आहे.”

दुसरा बाबांनी सांगितला. मी जेवताना कॅमेऱ्याचं बोलले नव्हते, पण लॅपटॉप उघडा राहिला असावा. “माझ्या दातांच्या डॉक्टर एक विकतायत,” ते ताटाकडे बघत म्हणाले. “बघायचा तर बघ.”

डॉक्टरांचं क्लिनिक सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. बाई पन्नाशीच्या असाव्यात. मास्क हनुवटीवर ओढून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“दात की कॅमेरा?”

“कॅमेरा.”

“बरं झालं. दातवाले आज बरेच आहेत.”

त्यांचा कॅमेरा पहिल्यापेक्षा बराच जुना होता. सहा मेगापिक्सेल, स्क्रीन काडेपेटीएवढा, वजन भरपूर. कडांचं रबर सुटत आलं होतं. लेन्स एकच, तीही झूम न होणारी. दात सरळ करायला आलेल्या माणसांचे आधीचे आणि नंतरचे चेहरे त्या याच्यावर टिपायच्या.

“याने किती फोटो काढलेत?” मी विचारलं. जुना कॅमेरा घेताना हे विचारायचं असतं असं वाचलं होतं.

“मोजले नाहीत. कॅमेरा बघायला आलीस की माझी मुलाखत घ्यायला?”

“झूम नाही ना याला?”

“पुढे व्हायचं, मागे व्हायचं. पेशंट काही पळून जात नाही.” मग त्यांनी लेन्सचा आकडा १.८ वर आणून दाखवला. “हा इथेच ठेव. चेहरा तेवढा स्पष्ट येतो. मागचं माझं सामान दिसत नाही.”

त्यांनी कॅमेरा एका कापडी पिशवीत घालून माझ्या हातात दिला. “परवा आण. कॅमेरा तरी, नाहीतर पैसे. आणि वडिलांना सांग, कवळी तोंडात घालायला दिली आहे, डबीत ठेवायला नाही.”

हे खरं होतं. वरची कवळी बसवल्यापासून, आणि मग आई गेल्यापासून, बाबा कुठल्याच फोटोत येत नसत. भाच्याच्या मुंजीत सगळे ओळीत उभे राहिले तेव्हा ते पंगतीकडे बघायला गेले होते. मला भीती होती ती एवढीच. कधीतरी कुणीतरी त्यांचं रेशनकार्डावरचं डोकं घेऊन जाईल आणि स्टुडिओवाला विचारेल, कोट कोणता टाकू.

शुक्रवारी सकाळी बस यायच्या आधी मी दोन्ही कॅमेरे टेबलावर मांडले. तुलना करायची तर एकच वस्तू, एकच जागा, एकच उजेड लागतो. मी चहाचा डबा खुर्चीवर ठेवला. एक फोटो या कॅमेऱ्याने, एक त्या कॅमेऱ्याने. आकडे तर मी आधीच मांडून ठेवले होते आणि त्यांत नागपूरवाल्याचा कॅमेरा सरळसरळ पुढे होता. हे फक्त खात्रीसाठी होतं.

“किती वेळ काढणार आहेस त्याचा?” बाबा पेपरमागून म्हणाले. “डबा काही हसणार नाही.”

“मग तुम्ही बसा.”

“मी डब्यापेक्षा बरा येईन असं काही नाही.”

ते उठून आत गेले. मला वाटलं, संपलं. मी डब्याचे आणखी दोन काढले. आतून कपाटाचा आवाज आला, मग बेसिनचा. ते बाहेर आले तेव्हा अंगात इस्त्रीचा निळा शर्ट होता, केस ओले करून विंचरलेले होते आणि कवळी तोंडात होती. त्यांनी डबा उचलून माझ्या हातात दिला आणि खुर्चीत बसले.

“शर्ट माझाच आहे,” ते म्हणाले. “काकूला विचारायला जाऊ नकोस.”

मी “बरं” म्हणाले. डबा हातात धरूनच मी कॅमेरा उचलायला गेले. त्यांनाच शेवटी “डबा ठेव” असं सांगावं लागलं.

मी दोन्ही कॅमेऱ्यांनी पाच-सहा फोटो काढले. बाबा हलले नाहीत. हसलेही नाहीत, पण ते हसणाऱ्यातले नव्हतेच. मग मी कार्डं लॅपटॉपला लावली आणि दोन फोटो शेजारी शेजारी उघडले.

पहिल्या कॅमेऱ्याने काहीच सोडलं नव्हतं. बाबांच्या कानाजवळ दाढी करताना राहिलेले पांढरे खुंट, शर्टाची वीण, मागची भिंत, भिंतीवरचा आईचा फोटो, चंदनाचा हार, हाराखाली जांभळी साडी, साडीच्या काठावरची बुट्टी, त्या परक्या गळ्यातले काळे मणी. मोठं करत गेलं की मणी वेगवेगळे दिसत होते. फोटो उत्तम होता. मी तसं मनात नोंदवलं.

दुसऱ्यात बाबांचे डोळे आणि नाक स्पष्ट होतं. कानापाशीच सगळं मऊ व्हायला लागलं होतं. मागची भिंत म्हणजे नुसता उजेड. फ्रेमचा एक तपकिरी चौकोन, हाराची फिकट रेघ. साडीचा रंग पसरून भिंतीत मिसळला होता. मणी नव्हते. खांदे नव्हते.

बाबा चष्मा चढवून माझ्या मागे येऊन वाकले. स्वतःच्या चेहऱ्याकडे त्यांनी बघितलं असं मला वाटत नाही.

“यात ती बरी दिसते,” ते म्हणाले.

“कुठे? यात ती दिसतच नाही, बाबा. सगळं आउट ऑफ फोकस आहे.”

“नीट बघ की.”

मी बघितलं. त्या चौकोनात एक फिकट गोल होता, थोडासा डावीकडे कललेला. बाकी काही नाही.

“शिट्ट्या मोजतेय,” बाबा म्हणाले, आणि दुधाच्या पिशव्या आत घ्यायला दाराकडे गेले.

खाली बसचा हॉर्न वाजला. मी दोन्ही कॅमेरे पिशव्यांत भरले आणि निघाले.

ऑफिसात मी नागपूरच्या मुलाला त्याचा कॅमेरा परत दिला आणि दुसरा कोणता घेतेय ते सांगितलं. “त्या म्हाताऱ्या कॅमेऱ्यासाठी?” तो म्हणाला. “सहा मेगापिक्सेल? तू तर आकडे मांडून ठेवले होते ना?”

“हो.”

“अजबच आहे बाप्पा तुझं.” त्याने तिथूनच रूममेटला फोन लावला.

संध्याकाळी मी सदाशिव पेठेत पैसे देऊन आले. डॉक्टरांनी ते न मोजता खणात टाकले आणि कवळीचं विचारलं. मी म्हटलं, घातली होती.

पुढच्या रविवारी बाबा म्हणाले, तो फोटो मोठा करून आण. मी पेन ड्राइव्ह घेऊन त्याच स्टुडिओत गेले, कारण जवळ तोच होता. त्याने फोटो उघडला, डोकं जरा वाकडं केलं.

“मागे काहीतरी धूसर आलंय. कापून निळं बॅकग्राउंड टाकतो, स्वच्छ दिसेल. आणि हवा तर कोट—”

“कोट नको,” मी म्हणाले. “मागचंही राहू दे.”

“अहो, पण ते खराब दिसतंय. पैसे जास्त नाही घेणार.”

“राहू दे. काही कापू नका.”

माझा आवाज जरा मोठा झाला असावा, कारण बाकड्यावर पासपोर्टच्या फोटोसाठी बसलेल्या बाईने वर बघितलं. स्टुडिओवाल्याने खांदे उडवले. मग कागद मशीनमध्ये सरकवला आणि मला बसायला सांगितलं.