सोपानरावांचं धावायचं वचन

न्हावऱ्यात शिवणकाम करणारे सोपानराव जन्मात कधी धावले नव्हते. लहानपणीच्या तापानं त्यांचा उजवा पाय बारीक करून ठेवला होता. आणि अशा माणसाच्या हाती नेमकं धावण्याचंच वचन यावं!

शिरूरच्या चर्चमध्ये एक जानेवारीच्या उपासनेत टोपलीतून चिठ्ठी उचलायची रीत. चिठ्ठीत बायबलातलं जे वाक्य निघेल ते देवानं वर्षभरासाठी दिलेलं वचन. एक्क्याण्णव साली सोपानरावांना निघालं त्याचा अर्थ असा, की देवाची वाट बघणारा धावेल आणि दमणार नाही. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. सोपानरावांनी मात्र त्याच आठवड्यात पोस्टमनची जुनी सायकल विकत घेतली.

"आवं, तुमाला नीट चालता येईना, आन् सायकल?" बायको शेवंताबाई म्हणाली.

"पाय बरा झाल्यावर सायकलीपायी खोळंबा नको. तयारी आपन करून ठिवायची."

सायकल घरात स्टँडवर उभी राहिली. दर शनिवारी तिला तेल-पाणी. वचन पुरं होईस्तोवर हात कुणी लावायचा नाही, शेवंताबाईनंसुद्धा नाही. ती बिचारी दुधाची किटली घेऊन गुडघे धरत डेअरीपर्यंत चालायची.

पुढच्या वर्षी टोपली समोर आली, तसा सोपानरावांनी हात मागं घेतला. "पहिलं अजून पुरं झालं न्हाई, पाळकसाहेब. दुसरं घिऊन देवाला पेचात कशाला टाकू?" उपासना चालवणाऱ्या पाळकांनी कपाळाला हात लावला. मग दर वर्षी हेच. शेवंताबाई नवी चिठ्ठी उचलायची. एकदा तिला शांतीचं वचन निघालं आणि ठाण मांडून बसलेली नणंद सासरी गेली. सोपानरावांना आतून फार लागलं. आपल्यालाच का ताटकळत ठेवलंय? पण त्यांनी वाट बघणं काही सोडलं नाही. साऱ्या गावाला ही गोष्ट पाठ झाली.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात एका सकाळी शेवंताबाईचा धीर सुटला. गुडघा सुजलेला, दूध नासायला आलेलं. नवरा काजं करण्यात गुंग बघून तिनं सायकल बाहेर काढली, किटली हँडलला अडकवली आणि दारापुढच्या उतारावर टांग टाकली. सायकल तिला येत नव्हती. चालवायचं काम उतारानं केलं. खाली कॅनॉल भरून वाहत होता, आणि ब्रेक कुठं असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"आवं, धरा की!"

सोपानराव उठले. गळ्यात टेप, एका पायात चप्पल. आणि ते पळाले. वेडेवाकडे, उड्या मारत, कोंबड्या उडवत पळाले. कॅनॉलच्या अलीकडं त्यांनी कॅरिअर धरलं आणि दोघं सायकलीसकट शेजारच्या धुरपदाच्या कांद्याच्या ढिगात जाऊन पडली.

इतकी वर्षं ते पायाची वाट बघत होते. धावताना पाय आठवलाच नव्हता, नुसती शेवंता दिसत होती. ती धडधाकट आहे हे बघून त्यांना रडू फुटलं, आणि त्यात कांद्याचा काही दोष नव्हता.

माणसं गोळा झाली. शेवंताबाईनं केसांतली सालपटं झटकली.

"पळला की हो तुमी!" ती म्हणाली. मग एकदम घाबरून, हळूच, "दमला का?"

सोपानरावांची छाती भात्यासारखी चालली होती. तोंडातून शब्द फुटेना. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी जोरजोरात मान हलवली. नाही म्हणून.

"मंग फुडल्या साली," शेवंताबाई डोळे पुसत म्हणाली, "टोपलीत हात घाला."