मॉन्स्टेराच्या चार कांड्या

शेजारच्या अक्का धारवाडचं घर विकून कायमच्या म्हैसूरला मुलीकडे निघाल्या, तेव्हा त्यांच्या सामानाची यादी करायचं काम मी मागून घेतलं. यादी संपली तरी अक्का व्हरांड्यातल्या मॉन्स्टेरासमोरून हलेनात. भोकाभोकांच्या, ताटाएवढ्या पानांचा तो वेल त्यांच्या यजमानांनी लावलेला. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. वेल ग्रिल धरून छताला टेकला होता. नवे मालक व्हरांडा पाडून तिथे गाडी लावणार होते.

"याचं एक रोप करून देते तुम्हाला," मी म्हणाले.

"ब्याड री," अक्का म्हणाल्या. नको म्हणताना त्या नेहमी कन्नडवर येत. "मी दोनदा करून बघितलं. झालं नाही."

"तुम्ही वेळापत्रक केलं नव्हतं."

निघायला सहा आठवडे होते. मी त्याच दुपारी सुरी जंतुनाशकाने पुसली, लांब देठाची पाच उत्तम पानं कापली, पाच बाटल्यांत ठेवली आणि प्रत्येकीवर तारीख चिकटवली. एक दिवसाआड पाणी बदलायचं. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो, म्हणून या बाटल्यांसाठी वेगळी घागर भरून ठेवली. पानं तीन आठवडे टवटवीत राहिली. रोज सकाळी कंपाउंडवरून मी अक्कांना सांगत होते, सगळं छान चाललंय. मुळाचा मात्र पत्ता नव्हता.

आमच्याकडे कामाला येणारी बाई अळणावरजवळच्या खेड्यातली. माहेरी उसाच्या लावणीला जाऊन आलेली. ओटा पुसताना ती बाटल्यांपाशी थांबली.

"वैनी, ह्याची भाजी कधी करायची?"

"रोपं करतेय. मुळं यायची आहेत."

"कुठनं येणार? डोळा कुठं हाय ह्याला? ऊस लावताना आम्ही कांडी डोळा बघून तोडतो. नुसता पाला पुरून ऊस येतोय व्हय?"

मी तिला तशीच अक्कांच्या व्हरांड्यात नेलं. तिने वेलाचं खोड बोटाने चाचपलं. पान जिथून फुटतं तिथे एक कडं होतं, पेर म्हणतात तसं, आणि त्याच्या बाजूला तपकिरी टेंगूळ. "ह्याच्या खाली बोटभर सोडून तोडा," ती म्हणाली. मी तीन आठवडे देठांना पाणी पाजत होते.

आता खोडच तोडायला हवं होतं. अक्का वेलाकडे बघत उभ्या राहिल्या.

"यांनी खोडाला कधी कात्री लावू दिली नाही," त्या म्हणाल्या. मग स्वतःच खोड धरलं. "कापा. हात हलवू नका."

चार कांड्या निघाल्या, प्रत्येकीला एक पेर आणि एक पान. कापलेली टोकं सुकू दिली, मग बाटल्यांत ठेवल्या. जुनं वेळापत्रक फाडून नवं लावलं. एक कांडी पाचव्या दिवशी बुळबुळीत झाली, ती टाकली. नवव्या दिवशी सकाळी तिसऱ्या बाटलीत पांढरा ठिपका दिसला. हाताला कणीक तशीच, बाटली घेऊन मी कंपाउंडपाशी धावले. अक्कांनी चष्मा लावला.

"बुडबुडा असेल."

मी बाटली टिचकीने हलवली. ठिपका जागचा हलला नाही. अक्कांनी पुन्हा टिचकी मारली, मग आणखी एकदा.

"बुडबुडा नाही," त्या म्हणाल्या आणि कंपाउंडवरूनच आमच्या कामवाल्या बाईला हाका मारू लागल्या. आम्ही तिघी उन्हात उभ्या राहून एक बाटली बघत होतो. दुसऱ्या दिवसापासून अक्का सहालाच आमच्या दारात. त्या आठवड्यात बोटभर मूळ झालं, त्याला फाटे फुटले. आणखी एका कांडीनेही मूळ धरलं. उरलेली नुसतीच हिरवी राहिली.

निघायच्या दिवशी अक्कांनी फाटे फुटलेली बाटली निवडली. ड्रायव्हरने डिकी उघडली.

"तिथे नको," अक्का म्हणाल्या. पुढच्या सीटवर बसून त्यांनी बाटली दोन्ही पावलांमध्ये धरली. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. बाटली कलंडली असणार, या धास्तीने मी पळत गेले. अक्कांनी काच खाली केली.

"पाणी कितव्या दिवशी बदलायचं?"

"एक दिवसाआड. लिहून चिकटवलंय की बाटलीवर."

"वाचलंय," अक्का म्हणाल्या. "तरी तुमच्याकडून ऐकून घेतलं."