मनकर्णाचं अडतीस किलोचं टोपलं

मनकर्णा एकोणीस वर्षं माझ्या दारात भाजी आणत होती. तिचं स्वतःचं वजन शेहेचाळीस किलो आणि डोक्यावरच्या टोपल्याचं अडतीस, हे मला यंदा बारा जानेवारीला कळलं.

मी अकोल्याच्या जुन्या शहरात राहते. मनकर्णाचा मळा शहराबाहेर. भाजी ऑटोने चौकापर्यंत आणायची आणि पुढे टोपलं डोक्यावर घेऊन सकाळी अकरा वाजेपर्यंत गल्ल्या फिरायची. माझी भाजी घेऊन झाली की म्हणायची, "काकू, हात लावा न." एका बाजूने मी धरायची, दुसऱ्या बाजूने ती. टोपलं डोक्यावरच्या कापडाच्या चुंबळीवर नीट बसलं की ती निघायची. हात लावायला आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. रस्त्याने जाणारा अनोळखी माणूसही सायकल टेकवून थांबतो. आपण मदत करतो, असंच मी समजत होते.

त्या सकाळी माझी भाची दामिनी घरी होती. ती एका डाळ मिलमध्ये सुरक्षा अधिकारी आहे. हमाल किती वजन, किती वेळा उचलतात आणि त्यात धोका कुठे आहे, हे तपासणं तिचं काम. मनकर्णाने उजवा हात झटकला आणि बोटांना मुंग्या येतात म्हणाली. दामिनीने माझा वजनकाटा ओसरीत आणला.

"यावर उभ्या राहा मावशी. आधी टोपल्यासकट."

"कावून? मले बी विकतं का आता?"

काटा चौऱ्याऐंशीवर गेला. टोपल्याशिवाय शेहेचाळीस. मी वजाबाकी दोनदा केली.

"आमच्याकडे पंचवीसच्या वर एकट्याला उचलू देत नाही," दामिनी म्हणाली. "दिवसाला किती दारं होतात?"

"वीस-बावीस."

"चढवताना लोक हात लावतात. उतरवताना कोण धरतं?"

"उतरवाले कोन लागते वं पोरी? वाकलं का आलं खाली."

एकोणीस वर्षं ती माझ्यासमोर एकटी वाकून ते ओझं उतरवत होती, आणि मी पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसून होते. एकदाही उठले नव्हते.

निम्मी भाजी घेऊन दोन फेऱ्या कराव्यात, असं दामिनीने सुचवलं. मनकर्णा हसली. "दुसऱ्या फेरीपर्यंत भाजी बी सुकते अन् मी बी."

दुपारी दामिनी गेली. दुसऱ्या दिवशी टोपलं तेवढंच होतं. मी हात लावला नाही.

"निम्मं माझ्या ओसरीत ठेव. मग लावते."

"हट्ट नका करू काकू. उशीर होऊन राहिला."

"नाही म्हणजे नाही."

"लय शिकल्या तुमी एका दिवसात!"

ती एक गुडघा टेकून बसली, टोपलं मांडीवर ओढलं आणि झटक्यात वर घेतलं. चुंबळ सरकली. मान एका बाजूला गेली. टोपलं फाटकावर आदळलं आणि वांगी, टमाटे नालीपर्यंत गेले. मनकर्णा मटकन खाली बसली. डाव्या हाताने ती उजवा हात उचलून पाहत होती. सोडला की तो पुन्हा मांडीवर पडत होता.

"काकू, हा उठून नाही राहिला."

मी तिथेच उभी होते. शेवटी समोरच्यांनी ऑटो आणला.

मानेची चकती सरकून नस दबली होती. डॉक्टर म्हणाले, डोक्यावर वजन आता कायमचं बंद. हात किती परत येईल ते सहा आठवड्यांनी कळेल. मी हात लावला असता तर हे टळलं असतं का, असं मी त्यांना विचारलं. "मान कधीची झिजत होती. आज नाही तर महिनाभरात झालंच असतं," ते म्हणाले. तो महिना मी तिच्याकडून काढून घेतला, एवढंच मला ऐकू आलं.

दामिनीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आत्या, धोका दाखवला की आधी कामाची दुसरी सोय करून द्यायची असते. मी नुसता आकडा सांगून निघून आले."

काल पाच आठवडे झाले. मी मळ्यावर गेले. मनकर्णाची सून करिश्मा मेथीच्या जुड्या बांधत होती. मनकर्णा गळ्यात पट्टा घालून बाजेवर बसली होती. आता दारावर करिश्मा जाते, हातगाडी घेऊन. गाडी शिरत नाही त्या गल्ल्या सुटल्या. निदान जुड्या बांधता आल्या तर आपण घरच्यांना ओझं होणार नाही, असं मनकर्णाचं म्हणणं.

"आंगठा हालला काकू. पाहा." तिने मला पंजा पुढे करायला लावला आणि डाव्या हाताने उचलून उजव्या हाताची बोटं त्यावर ठेवली. "दाबून राहिली मी. जोर लागते का? खरं सांगजा."

खोटं बोलावंसं फार वाटलं.

"अंगठ्याचा लागतो," मी म्हणाले. "बोटं नुसती टेकली आहेत."

तिने मान हलवायला पाहिलं, पट्ट्याने हलू दिली नाही. हात मात्र काढून घेतला नाही. ओठ घट्ट मिटून तिने पुन्हा दाबलं.