जन्मापासून नाही म्हणून परत पाठवलं

मंडळी, आज ओवीला, माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला, एका थेरपी केंद्रात घेऊन गेले होते. मागच्या वर्षी ती स्कूटरवरून पडली, मेंदूला मार लागला. जखम भरली, पण आत्ता सांगितलेलं ती थोड्या वेळात विसरते.

काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडं जन्मापासून अडचण असलेली मुलं येतात. अपघाताचं दवाखान्यात दाखवा."

"दवाखान्यानंच इकडं पाठवलंय."

"मग नाही जमणार, मॅडम."

नियम असेल, असं वाटून मी निघाले. तेवढ्यात बाकावरची एक बाई बोलली, "ताई, मला बी हेच सांगितलं. लासूर स्टेशनहून आलेय पोराला घेऊन. बसा इथंच. दोघींना नाय म्हणायला जड जातं त्यांना."

बसले. तिनं डबा उघडून दोन्ही मुलांना चटणी-भाकरी दिली. जेवणाच्या सुट्टीत थेरपिस्ट बाहेर आल्या, तेव्हा आम्ही दोघी दारात उभ्या. सोमवारी दोन्ही मुलांना तपासते, असं कबूल करूनच त्या जेवायला गेल्या.

त्यांचं जेवण अडवलं, हे मला अजून खटकतंय. पण वेळ आली तर पुन्हा अडवीन.

रिक्षात ओवीनं विचारलं, "आई, भाकरी कुणी दिली?" मी सांगितलं. शहागंज येईपर्यंत तिनं तेच पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

अडचण कधीपासून आहे यावरून मदत कुणाला मिळणार, हे कोणी ठरवलं? तुमच्या लेकरालाही असंच परत पाठवलं असेल तर सोमवारी या. बाक मोठा आहे.